मोटारीच्या विजेची नाडीपरीक्षा

मोटार सकाळी सुरू झाली नाही, की पहिला संशय बॅटरीवर येतो आणि बहुतेक वेळा चौकशीवाचून पहिली शिक्षाही तिलाच होते. जुनी बॅटरी दुकानदाराच्या हवाली केली जाते, काही हजार रुपये मोजून नवी आणली जाते, गाडी मोठ्या डौलाने सुरू होते आणि निदान अचूक होते अशी मालकाची खात्री पटते. परंतु आठ-दहा दिवसांनी नवी बॅटरीही जुनीप्रमाणेच मौन धारण करते, तेव्हा कळते की अपराधी दुसराच कोणीतरी होता. नवी बॅटरी बहुधा भरलेलीच येते. त्यामुळे मूळ दोष कोणताही असला तरी ती काही दिवस गाडी चालवणारच. औषधाने तात्पुरता उतार पडला म्हणजे रोग कळला असे जसे वैद्य मानीत नाही, तसेच ते मोटारीच्या बाबतीतही मानता येत नाही.

प्रश्न केवळ पैशाचा असता तर तो इतका महत्त्वाचा ठरला नसता. पण मध्यरात्री आजारी माणसाला इस्पितळात न्यायचे असताना गाडीने नुसते टकटक करावे, किंवा पावसाळी रात्री घाट उतरताना पुढचे दिवे मंदमंद होत जावेत, असे प्रसंग या दुर्लक्षित दोषांतूनच ओढवतात. त्यांची पूर्वसूचना बहुधा मिळालेली असते. ती ओळखता आलेली नसते, इतकेच.

मोटारीतील वीजव्यवस्था समजण्यास घरावरील पाण्याच्या टाकीचा दृष्टान्त पुरेसा आहे. बॅटरी ही टाकी. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र, म्हणजे आजचा अल्टरनेटर, हा त्या टाकीत पाणी चढवणारा पंप. तारा, टर्मिनले आणि फ्यूज हे नळ. आणि सेल्फ, दिवे, पंखा, वाद्य, इंजिनाचा संगणक हे पाणी वापरणारे घरातील लोक. सकाळी नळाला पाणी आले नाही, तर कारणे चारच संभवतात : टाकी फुटली आहे, पंप चालत नाही, नळ तुंबला आहे, अथवा रात्रभर कुठेतरी तोटी उघडी राहिली आहे. मोटारीच्या विजेतील बहुतेक सर्व तक्रारी या चार सदरांत बसतात. आणि यांपैकी एकातच दोष बॅटरीचा असतो, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

ही व्यवस्था मोटारीबरोबर जन्माला आली नाही. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांचा पुन:पुन्हा भरता येणारा विद्युत्घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केला आणि कामिय फोर याने १८८१ च्या सुमारास पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढून त्याला व्यवहारोपयोगी रूप दिले. तथापि मोटारीचे इंजिन पुढे कित्येक वर्षे हँडल मारूनच सुरू करावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर माणसाचा हातच मोडण्याची भीती असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवण्यात आला, तेव्हापासून बॅटरी ही मोटारीची सोबतीण झाली. तिला भरण्याचे काम प्रथम डायनामो करीत असे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर त्याची जागा अल्टरनेटरने घेण्यास आरंभ केला. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो दिला आणि नंतरच्या काळात तो सार्वत्रिक झाला. डायनामो मंद गतीत फारशी वीज देत नसे. अल्टरनेटर इंजिन नुसते फिरत असतानाही काही प्रमाणात देतो. आजच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींत अल्टरनेटर नसतो. पण दिवे, कुलुपे आणि संगणक यांसाठी बारा व्होल्टांची लहान बॅटरी त्यांतही बहुधा असतेच आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही ती गाडी जागची हलत नाही.

बारा व्होल्टांच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये पाणी घातलेले गंधकाम्ल असते. वीज खर्च होऊ लागली म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचत जाते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने वीज सोडली म्हणजे सल्फेट विरते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर मात्र या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि ते सहजासहजी विरघळत नाहीत. म्हणून उतरलेली बॅटरी आणि बिघडलेली बॅटरी या दोन भिन्न गोष्टी असल्या, तरी पहिलीकडे दुर्लक्ष केले की तिचे रूपांतर दुसरीत होते.

परीक्षेचा पहिला टप्पा कानांनी आणि डोळ्यांनीच पार पडतो. त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. पुढचे दिवे लावावेत आणि किल्ली फिरवावी. दिवे मुळातच लागत नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सुटले आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे चांगले लागले, पण किल्ली फिरवताच विझल्यासारखे झाले आणि जलद टकटक ऐकू आली, तर वीज अपुरी पडते आहे. बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी मळली आहे. दिवे मंद झाले आणि एकच जड आवाज होऊन सर्व स्तब्ध झाले, तर संशय सेल्फवर किंवा जाम झालेल्या इंजिनावर घ्यावा. दिवे जराही मंद झाले नाहीत आणि सेल्फनेही हूं की चूं केले नाही, तर सेल्फपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही. किल्लीचा स्विच, रिले, किंवा गिअर न्यूट्रलमध्ये वा क्लच दाबलेला असल्यावाचून प्रवाह न सोडणारा संरक्षक स्विच यांची तपासणी करावी. या शेवटच्या स्थितीत नवी बॅटरी आणणे म्हणजे दाराचे कुलूप उघडत नाही म्हणून भिंत रंगवण्यासारखे आहे. आणि सेल्फ जोमाने फिरत असून इंजिन पेट घेत नसेल, तर दोष पेट्रोलात अथवा ठिणगीत शोधावा. बॅटरीला त्या प्रकरणात गोवू नये.

दुसरा टप्पा टर्मिनलांचा. धन टर्मिनलावर पांढरट-हिरवट भुकटी साठलेली अनेकदा दिसते. वरवर क्षुल्लक वाटणारा हा मळ काय करू शकतो, हे थोड्या हिशेबाने पटते. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरुवातीस शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह खेचतो. तो दीडशे धरला आणि मळामुळे वाटेत एका ओहमच्या केवळ शंभराव्या भागाइतका अडथळा उत्पन्न झाला, तर दीड व्होल्ट त्या मळातच खर्च होतो. दिव्यांना पाच-दहा अँपिअरच लागत असल्याने ते मात्र लखलखीत जळत राहतात आणि मालक बुचकळ्यात पडतो. यासाठी गाडी बंद करून प्रथम ऋण टर्मिनल आणि मग धन टर्मिनल सोडवावे, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने दोन्ही धुवावीत, पण ते पाणी घटांत जाऊ देऊ नये. कोरडी करून, तारेच्या ब्रशाने चकचकीत घासून घट्ट बसवावीत आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण टर्मिनल सर्वांत शेवटी. कारण गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आधी धन टर्मिनल सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातून सबंध बॅटरीचा प्रवाह वाहतो. बॅटरीपासून सांगाड्याला आणि सांगाड्यापासून इंजिनाला गेलेली अर्थची तारही याच वेळी पाहावी. ती गंजलेली असणे हे न सुटणाऱ्या कोड्यांचे नित्याचे उत्तर आहे.

इतके करूनही तक्रार राहिली, तर मल्टिमीटर हाती घ्यावा. काही शे रुपयांना मिळणारे हे उपकरण डॉक्टरांच्या नळीइतकेच उपयोगी आहे. गाडी निदान काही तास, शक्य तर रात्रभर, उभी ठेवून बॅटरीचा दाब मोजावा. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा फसवा दाब असतो; घाई असेल तर एक-दोन मिनिटे पुढचे दिवे लावून आणि मग बंद करून, थोडे थांबून मोजावे. साधारणपणे १२.६ व्होल्ट वा त्याहून थोडा अधिक दाब म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आणि १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव. पूर्ण भरलेली आणि जवळजवळ रिकामी यांत अर्धा-पाऊण व्होल्टाचेच अंतर असते. म्हणून “बारा व्होल्टांची बॅटरी बारा दाखवते, तेव्हा ती ठीक आहे”, हा समज चुकीचा आहे.

ज्या बॅटरीची बुचे उघडता येतात, तिच्यात हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. भरलेल्या बॅटरीत ते थंड प्रदेशांत १.२८ च्या आसपास असते. उष्ण प्रदेशांसाठी भरताना ते मुद्दाम थोडे कमी, १.२४ च्या सुमारास, ठेवण्याचा प्रघात आहे. येथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. सहाही घटांत ते सारखेच कमी असेल, तर बॅटरी केवळ उतरली आहे. पाच घट ठीक आणि एकच बराच खाली असेल, तर तो घट गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही. पाणी कमी झाले असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे वा विहिरीचे पाणी घालू नये, आणि आम्ल तर कधीच नाही, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. बंद स्वरूपाच्या बॅटऱ्यांत ही सोय नसते. त्यांचा निर्णय दाबावरून आणि गॅरेजातील भार-परीक्षेवरूनच करावा लागतो.

दाब ठीक आहे म्हणजे बलही ठीक आहे असे मात्र नव्हे. म्हातारा पहिलवान उभा राहिला तर रुबाबदारच दिसतो. त्याची खरी परीक्षा वजन उचलताना होते. म्हणून सेल्फ मारताना दाब किती उतरतो, हे दुसऱ्या माणसाकडून किल्ली फिरवून घेऊन पाहावे. भरलेली आणि निरोगी बॅटरी अशा वेळी साधारणत: दहा व्होल्टांच्या वर राहते. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९.६ च्याही खाली कोसळत असेल, तर तिचे आयुष्य संपत आले आहे, किंवा सेल्फ अवाजवी प्रवाह खेचतो आहे; आणि हा भेद माहितीची चांगली बॅटरी घटकाभर जोडून पाहिल्यास उलगडतो. जोडणीचा दोषही याच वेळी पकडता येतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरे त्यावर बसवलेल्या पकडीवर टेकवून सेल्फ मारावा. दोहोंत फरक जवळजवळ शून्य असावा. अर्धा व्होल्ट दिसला तर मळ आत अजून आहे.

टाकी आणि नळ निर्दोष ठरल्यावर पंपाकडे वळावे. इंजिन सुरू झाले म्हणजे बॅटरीवरील दाब १२.६ वरून चढून थोड्याच क्षणांत १३.८ ते १४.५ व्होल्टांच्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. मग पुढचे दिवे, पंखा आणि मागील काचेची तापतार लावून इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड-दोन हजार ठेवावेत. तरीही दाब साडेतेराच्या आसपास वा वर टिकला, तर अल्टरनेटर आपले काम चोख करीत आहे. दाब १२.६ वरून न चढता हळूहळू उतरतच गेला, तर बॅटरी भरली जात नाही. उलट तो १५ च्या वर जाऊ लागला, तर दाबावर नियंत्रण ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरी तापते, तिचे पाणी भराभर कमी होते, सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते आणि दिवे वारंवार जातात. ही अतिभरणी उपासमारीइतकीच घातक असते.

येथे आजच्या गाड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अनेक नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक ठरवतो आणि इंधन वाचवण्यासाठी, बॅटरी भरलेली असताना, तो मुद्दाम तेरा व्होल्टांच्याही खाली उतरवतो. असा एखादा क्षणिक आकडा पाहून अल्टरनेटरला दोषी ठरवू नये. दिवे-पंखा लावून आणि काही मिनिटे निरीक्षण करूनच मत बनवावे. ज्या गाडीचे इंजिन सिग्नलला आपोआप बंद होते, तिच्यात खास त्या कामासाठी केलेली बॅटरी असते. तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकरच दगा देते.

अल्टरनेटर वीज देत नाही असे ठरले, तरी तो उतरवण्याची घाई करू नये. आधी पट्टा पाहावा. तो ढिला, भेगाळलेला किंवा तेलकट असेल, तर घसरतो आणि सुरू करताना किंकाळी फोडतो. मग अल्टरनेटरच्या मागील जोडणी आणि फ्यूज पाहावेत. त्यानंतर झिजलेले कार्बन, रेग्युलेटर आणि डायोड यांची पाळी येते. एखादा डायोड गेला असेल, तर दाब जवळपास ठीक दिसूनही त्यात उलटसुलट प्रवाहाची लहर मिसळते. मल्टिमीटर प्रत्यावर्ती प्रवाहावर ठेवून ती मोजली आणि अर्ध्या व्होल्टाहून अधिक भरली, तर संशयाला आधार मिळतो. दुसऱ्या प्रकारे बिघडलेला डायोड रात्री गाडी उभी असताना बॅटरीची वीज उलट अल्टरनेटरमधून झिरपू देतो.

समोरच्या फळीवरील लाल दिव्याची भाषाही शिकून घ्यावी. किल्ली फिरवताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. सुरुवातीस तो लागलाच नाही, तर आनंद मानण्याचे कारण नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागा करणारा पहिला प्रवाह याच दिव्यातून जातो आणि दिवा गेला असेल तर भरणीच सुरू होत नाही. चालत्या गाडीत तो लागला, तर प्रथम तापमानाच्या काट्याकडे पाहावे. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला असेल आणि काटा चढत असेल, तर गाडी ताबडतोब सुरक्षित जागी उभी करावी, एरवी इंजिनाचीच राख होईल. काटा स्थिर असेल, तर वातानुकूलन, पंखा, वाद्य बंद करावे, पण इंजिन बंद करू नये आणि रात्री पुढचे दिवेही मालवू नयेत. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी भरलेली असली आणि दिवे, इंधनपंप व ठिणगी मिळून वीस अँपिअर लागत असले, तर हिशेबाने सव्वादोन तास मिळतात. प्रत्यक्षात दाब त्याआधीच इतका उतरतो की निम्म्याहून अधिक वेळेची आशा धरू नये. जवळची वस्ती गाठण्यास तेवढा पुरेसा आहे, घाट ओलांडून घरी पोहोचण्यास नाही.

याच ठिकाणी एका जुन्या युक्तीचा निरोप घेतला पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहायचे. गाडी चालू राहिली तर जनित्र चांगले, बंद पडली तर वाईट, अशी परीक्षा डायनामोच्या काळात सर्रास केली जाई. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक तोडली, तर दाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर व इंजिनाचा संगणक जळण्याची धास्ती असते. परीक्षा फुकट होते खरी. तिचे बिल नंतर येते.

चौथे सदर उघड्या तोटीचे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत लांबली. त्या अडुसष्ट दिवसांत जागच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक निर्दोष गाड्या नंतर सुरू झाल्या नाहीत. कुलूपबंद गाडीतही घड्याळ, धोक्याची घंटा आणि संगणक यांना थोडा प्रवाह लागतो. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत तो सामान्य समजला जातो. या गतीने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी सदतीस-अडतीस दिवसांत पार रिकामी होते. सुरू करण्याचे बळ तर त्याच्या पुष्कळ आधी संपते. डिकीतील पाच वॉटचा दिवा जळत राहिला, तर हाच खेळ साडेचार दिवसांत आटोपतो.

अशी गळती शोधण्यासाठी गाडी बंद करून ऋण टर्मिनल आणि त्याची तार यांच्यामध्ये प्रवाहमापक जोडावा, दारे लावून अर्धा तास थांबावे आणि संगणक निजल्यावर आकडा पाहावा. तो पन्नास मिलिअँपिअरच्या बराच वर असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच आकडा कोसळतो, त्याच्या शाखेत चोर आहे. मापक जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये. बाहेरून बसवलेली वाद्ये, कॅमेरे आणि घंटा यांच्याकडे प्रथम पाहावे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असल्यास ऋण टर्मिनल सोडवून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. काही गाड्यांत त्यामुळे वाद्याचा संकेतांक पुन्हा द्यावा लागतो, एवढे मात्र आधी पाहून ठेवावे.

काही लोक आठवड्यातून एकदा गाडी जागेवर पाच मिनिटे सुरू करून समाधान मानतात. सेल्फ तीन सेकंद चालला, तर दीडशे अँपिअरच्या हिशेबाने केवळ एक-अष्टमांश अँपिअर-तास खर्च होतो आणि तो एखाद्या मिनिटात परतही येतो. पण निम्मी उतरलेली बॅटरी भरण्यास पाच मिनिटे तर सोडाच, अर्ध्या तासाची फेरीही पुरत नाही; तिला कित्येक तास चार्जरवरच ठेवावे लागते. शहरातील आखूड फेऱ्यांची गाडी म्हणूनच हमरस्त्यावरील गाडीपेक्षा आधी हात टेकते. मुंबईच्या पावसाळ्यात पाणीपुशे, दिवे आणि पंखा एकदम चालू असतात आणि गाडी मात्र मुंगीच्या गतीने सरकत असते; इंजिनाच्या अशा मंद गतीत अल्टरनेटर आपल्या शक्तीचा काही अंशच देऊ शकतो.

भारतासारख्या खंडप्राय देशात हवामानाचाही विचार केला पाहिजे. लेहमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली दूर उतरतो. उणे १८ अंशांना बॅटरीचे बळ निम्म्याहूनही कमी उरते आणि गोठल्यासारख्या तेलात इंजिन फिरवण्यास श्रम मात्र दुप्पट लागतात. शिवाय उतरलेल्या बॅटरीतील पातळ आम्ल उणे दहाच्या आसपासच गोठून कवच फोडू शकते. भरलेल्या बॅटरीला ती भीती नसते. विदर्भात आणि राजस्थानात याच्या नेमके उलट. तेथे गाडी मे महिन्यात जोमाने सुरू होते, पण उष्णतेने पट्ट्यांचे जाळे आतून गंजत असते आणि पाणी आटत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते, हा ढोबळ नियम आहे. उन्हाळ्याने केलेली ही हानी पुष्कळदा पहिल्या थंडीत उघडकीस येते आणि दोष मात्र थंडीच्या माथी मारला जातो.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीची वीज उसनी घेण्याचा क्रम पाठ असावा. प्रथम उतरलेल्या बॅटरीचे धन टोक, मग चांगल्या बॅटरीचे धन टोक, मग चांगल्या बॅटरीचे ऋण टोक, आणि शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना नेमका उलटा क्रम. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो, म्हणून हे अंतर. जवळ विडी-सिगारेट नको, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि आम्ल डोळ्यांत उडालेच तर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धूत राहून डॉक्टर गाठावा. फुगलेली, फुटलेली वा गोठलेली बॅटरी या रीतीने सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

बॅटरी खरोखरच संपली आहे असे सर्व परीक्षांनंतर ठरले, तरी तिची कथा तिथे संपत नाही. तिच्यातील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते आणि ते नीट वापरले जावे म्हणून २००१ मध्ये भारतात नियम झाले. त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली आहे. तरीही चोरट्या भट्ट्यांत, उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे गाळण्याचे प्रकार घडतात आणि त्याची धूळ आसपासच्या घरांत शिरते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाने जगातील सुमारे एक-तृतीयांश मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे सांगितले आणि बॅटऱ्यांची ही बेपर्वा विल्हेवाट हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून नोंदवले. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि ही हानी भरून येत नाही. तेव्हा जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता अधिकृत विक्रेत्यालाच परत करावी. तो किंमतीत सूटही देतो. आणि जी बॅटरी अजून दोन वर्षे चालली असती, ती चुकीच्या निदानामुळे या वाटेला लागू नये, याचे महत्त्वही येथेच कळते.

हे सर्व प्रत्येक मालकाने स्वत:च्या हाताने करावे अशी अपेक्षा नाही. पण निदान तीन आकडे त्याने कागदावर टिपून ठेवावेत : रात्रभर उभ्या गाडीचा दाब, सेल्फ मारतानाचा दाब आणि दिवे लावून इंजिन चालू असतानाचा दाब. निरोगी गाडीत ते अनुक्रमे १२.६, दहाच्या वर आणि चौदाच्या आसपास येतात. गाडी चांगली असतानाच ते एकदा लिहून, तारीख घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवले, तर पुढे बिघाडाच्या दिवशी तुलनेला आधार मिळतो. असा कागद घेऊन मालक गॅरेजात गेला म्हणजे मेकॅनिकालाही कोठून आरंभ करावा हे कळते, आणि चौकशी संपण्यापूर्वी शिक्षा सुनावण्याचा मोह दोघांनाही टाळता येतो.